केसांआधी कालनिर्णय बघायला लावणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा लेकीच्या भांगालगत पेरभर लांबीचे नवे केस उभे राहिलेले दिसले आणि तुम्हाला लिहायचंच असं ठरवलं. तुमच्या सरकारी ओपीडीबाहेर एवढी रांग असते की आभाराचे दोन शब्द बोलायलाही उसंत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

लेकीचे केस गळू लागले तेव्हा तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही एका खासगी हेअर क्लिनिकची पायरी चढलो होतो. पोरगी खुर्चीत बसते न बसते तोच पॅकेजचं कार्ड पुढे आलं. घरात सल्ल्यांना तोटा नव्हताच. सासूबाई माक्याच्या तेलावर ठाम, जाऊबाई कांद्याच्या रसावर, आणि खापर मात्र सगळ्यांनी मिळून बोअरच्या पाण्यावर फोडलेलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे तेच पाणी वापरतात, त्यांचे केस जागच्या जागी, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

तुमचा पहिला प्रश्न केसांबद्दल नव्हताच. "दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? मोठा ताप, ऑपरेशन, उपाशी राहून वजन कमी करणं, कसला धक्का?" मी म्हटलं, काही नाही हो, पोर ठणठणीत आहे. मग तीच म्हणाली, "आई, डेंगी." तुम्हाला तारीख हवी होती. मी ह्यांना फोन लावून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघायला सांगितलं. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी 'ॲडमिट' लिहिलेलं सापडलं आणि हिशेब बरोबर तीन महिन्यांवर आला.

एरवी डोक्यावरच्या १०० केसांतले १०-१५ विश्रांतीत असतात. अंगाला मोठा धक्का बसला की पुष्कळसे केस वाढ थांबवून एकदमच विश्रांतीला जातात, पण गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. तोवर माणूस आजार विसरून गेलेलं असतं. अशा गळतीचं टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव तुम्ही केसपेपरवर सुटं सुटं लिहून दिलंत, म्हणून तर आज मला ते धड लिहिता येतंय.

तपासणी तर मी डोळ्यांत तेल घालून पाहिली. पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून तुम्ही मुळाकडून टोकाकडे हळूच ओढलीत. एकदा भांगाजवळ, एकदा कानांवर, एकदा मागे. सगळीकडून बरेच केस आले. त्यातला एक फाइलच्या काळ्या कव्हरवर ठेवून तुम्ही टोकाची बारीक पांढरी गाठ दाखवलीत. "ताई, हे मूळ नाही. मूळ आतच आहे." त्या रात्री मला झोप लागली ती ह्या वाक्यावर.

मग भिंगातून टाळू पाहिलीत. केसांची जाडी सारखी होती. जाड केसांत बरेच बारीक मिसळलेले असते तर आनुवंशिक विरळपणाचा संशय घ्यावा लागला असता. गोल गुळगुळीत चट्टा नाही, म्हणजे चाई नाही. केसांची छिद्रं बुजलेली नाहीत, म्हणून बायोप्सीचीही गरज नाही. घट्ट पोनीबद्दल ती तुमची बोलणी खाऊन आली, ते मला फार बरं वाटलं. माझं ऐकते कुठे!

रक्ताच्या तपासण्या मोजक्याच: हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी. केसांसाठी मेडिकलमधून आणलेल्या बायोटिनच्या गोळ्या ती घेत होती. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो म्हणून आधी त्या बंद करायला लावल्यात, मगच रक्त घेतलंत. हिमोग्लोबिन ठीक निघालं, फेरिटिन मात्र तळाला. पाळीत अंगावरून किती जातं हे तुम्ही आधीच का विचारलं होतं ते तेव्हा कळलं. लोहाच्या गोळ्या, त्याही चहाबरोबर नाही, आणि धीर. औषधाच्या चिठ्ठीत बाकी काहीच नव्हतं. गळती सहा महिन्यांच्या आत थांबेल म्हणालात, तशी ती थांबली.

पुढच्या सोमवारी शेजारच्या वहिनींना घेऊन येते आहे. त्यांचा भांग दोन वर्षांपासून हळूहळू रुंदावतोय, पाळीही अनियमित आहे, तेव्हा त्यांचं प्रकरण वेगळं दिसतंय. चालू गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि दोन वर्षांपूर्वीचा लग्नातला फोटो एका पिशवीत भरून ठेवायला सांगितलंय. घट्ट अंबाडा घालून येऊ नका, हेही.

तुमच्या पेशंटची आई