ग्रंथपालांना अधिवेशनाला जाऊ द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्या वेतनश्रेणीचा आणि सेवाशर्तींचा प्रश्न संघटना वर्षानुवर्षे मांडत आहेत आणि पुढेही मांडतील. या पत्रात मी त्याहून खूप लहान गोष्ट मागते आहे. ग्रंथालयांच्या अधिवेशनाला, कार्यशाळेला जाणे हा ग्रंथपालाच्या कामाचाच भाग आहे, असे शासनाने एकदा लेखी सांगावे.

आपल्या विभागात ग्रंथपाल दोन प्रकारचे आहेत. महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार परिषदा, उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग यांसाठी शैक्षणिक वर्षात 30 दिवसांपर्यंत कर्तव्य रजा, म्हणजे कामावरच धरली जाणारी रजा, मिळू शकते. हे योग्यच आहे. पण त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे, सार्वजनिक वाचनालयात बसणारी मी मात्र अधिवेशनाला निघाले तर ती माझी हौस ठरते. कार्यकारी मंडळाची परवानगी काढायची, स्वतःची रजा घालवायची, भाडे खिशातून द्यायचे. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान ग्रंथालयात तर एकच माणूस सगळे पाहतो. तो गेला की दाराला कुलूप, आणि नेमकी त्याच दिवशी तपासणी निघाली तर, ही धास्ती वेगळी. मग संस्थेतर्फे अध्यक्ष नाहीतर कार्यवाह जाऊन येतात. त्यांनी जावेच. पण देवघेवीच्या टेबलाशी जो रोज बसतो, तो मागे राहतो.

तिथे जाऊन काय मिळते, असा प्रश्न आपल्याला पडू शकेल. आमच्या संस्थेतही तो विचारला गेला होता. माझ्यापुरते सांगते. आमची ग्रंथयादी एका जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. छापली की सुंदर दिसे, पण संगणकावर एखादे नाव शोधायला जावे तर काही सापडत नसे. ती यादी पुन्हा पहिल्यापासून टाइप करावी लागणार, हे आम्ही गृहीतच धरले होते. एका अधिवेशनात चहाच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ग्रंथपालांनी त्यांच्या लॅपटॉपवर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता-शोधता येईल अशा अक्षरांत, कसा बदलायचा ते दाखवले. जोडाक्षरे कुठे बिघडतात, रफार कुठे सरकतो, तेही दाखवले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘ई-ग्रंथालय’ ही ग्रंथालयाचे काम संगणकावर करण्याची प्रणाली आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. आज आमच्याकडे वाचक लेखकाचे नाव सांगतो आणि पुस्तक आहे की नाही, ते लगेच कळते. व्यासपीठावर त्या दिवशी कोण काय बोलले, ते मला आठवत नाही. त्या चहाच्या वेळेने मात्र आमच्या ग्रंथालयाचा कारभार बदलला.

अशा गोष्टी परिपत्रकातून येत नाहीत. कपाटाला वाळवी लागली तर आधी काय करावे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी अभ्यासिका भरून गेली असताना कथा-कादंबऱ्यांच्या वाचकाला जागा कशी राखावी, जीर्ण पुस्तके बाद करताना दुर्मीळ प्रत चुकून रद्दीत जाऊ नये म्हणून काय पाहावे, याची उत्तरे हेच प्रश्न आधी सोडवलेल्या माणसांजवळ असतात. राज्यात दहा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत, म्हणजे तितक्या ठिकाणी माणसे एकेकटी तीच कोडी सोडवत बसली आहेत.

आपले शासन उत्तम ग्रंथालय कार्यकर्ते व सेवक यांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने पुरस्कार देते. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांना शिकायला लंडनला पाठवले. तिथे वर्गात शिकले त्याइतकेच ते इंग्लंडमधली ग्रंथालये फिरून, तिथल्या माणसांचे काम पाहून शिकले. पुस्तके विषयवार लावण्याच्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीचा विचार त्याच मुक्कामात त्यांच्या मनात रुजला. त्यांना कुणीतरी पाठवले होते, मंत्रिमहोदय, आणि तो काळ त्यांच्या नोकरीचाच धरला होता. आम्हाला लंडनला जायचे नाही. जिल्ह्याच्या गावी आणि वर्षातून एकदा राज्याच्या अधिवेशनाला गेलो तरी पुष्कळ आहे.

यासाठी मोठ्या तरतुदीची गरज नाही. ग्रंथालयाला मिळणाऱ्या शासकीय अनुदानाचा निम्मा वाटा वेतनावर जातो, उरलेल्यातून पुस्तके आणि इतर खर्च भागतो. या इतर खर्चात अधिवेशनाचा एसटीचा प्रवास आणि नोंदणी शुल्क ग्राह्य धरावे, एवढे स्पष्ट झाले तरी लेखापरीक्षणाची भीती जाईल. त्या दिवसांची हजेरी कर्तव्यावर धरावी आणि ग्रंथालय बंद ठेवावे लागले तर ती तपासणीत त्रुटी मानू नये. परत आल्यावर आम्ही काय शिकलो ते लिहून देऊ, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी ते तपासणीच्या वेळी जरूर पाहावे. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव होतोच. त्यातला अर्धा दिवस भाषणे न ठेवता ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या प्रश्नांसाठी राखला, तर वेगळा मंडपही नको. चर्चासत्रे आणि कार्यशाळांसाठी कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही साहाय्य देते. ते आपल्या जिल्ह्यांपर्यंत अधिक यावे, यासाठी आपला शब्द उपयोगी पडेल.

एक गोष्ट स्त्री म्हणून सांगते. 2023 पासून एसटीत आम्हाला निम्मे तिकीट लागते, त्यामुळे भाड्याचा भार हलका झाला आहे. अडते ते मुक्कामाशी. बरोबरचे पुरुष मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सतरंजीवर रात्र काढतात, आम्हाला ते जमत नाही. खेड्यापाड्यांतल्या ग्रंथालयांत पुष्कळ स्त्रिया काम करतात, अधिवेशनात मात्र त्या फार थोड्या दिसतात. शासकीय विश्रामगृहातल्या किंवा मुलींच्या वसतिगृहातल्या काही खोल्या त्या दोन दिवसांसाठी मिळाल्या, तर हे चित्र बदलेल.

आयोजकांनाही एक विनंती आहे, पण ती आपल्यामार्फत केली तर लवकर पोहोचेल. अधिवेशनाचा पहिला दिवस उद्घाटनात आणि सत्कारांत जातो. पाहुणे निघाले की निम्मा मंडप त्यांच्यामागे उठतो आणि ज्याच्यासाठी आम्ही रात्रभर प्रवास करून आलेलो असतो, ते सत्र उरलेल्या वेळात उरकले जाते. पुढच्या अधिवेशनाला आपण याल तेव्हा उद्घाटनानंतर लगेच निघू नका. एक पूर्ण सत्र आमच्यात बसा, आमचे प्रश्न ऐका.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानाने केला. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे आणि त्या कायद्याने नेमलेल्या राज्य ग्रंथालय परिषदेचे आपण अध्यक्ष आहात. परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर होण्याआधी परिपत्रक काढावे, म्हणजे आम्हाला संस्थेकडे अर्ज करताना त्याची प्रत जोडता येईल.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातली एक ग्रंथपाल