गोलपोस्टखालून एवढ्यात निघू नकोस

नाशिकरोड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बाबांशी बराच वेळ बोललास आणि मला मात्र "जेवलीस का" एवढंच विचारून ठेवलास. बाबा तुला काय सांगत होते ते मी भाकऱ्या थापताना ऐकलं. पोलिस भरती, रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा, नाहीतर अंबडला त्यांच्या कंपनीत चिकटवून घेतो. त्यांचं चुकत नाही. एकविसाव्या वर्षी मुलगा गोव्यात तिसरा गोलकीपर म्हणून नुसता सराव करतो आणि मॅचच्या दिवशी स्टँडमध्ये बसून टाळ्या वाजवतो, याला कुठला बाप नोकरी म्हणेल? पण मला नेमकं उलट सांगायचंय. फोनवर तू "हो गं, बघू" म्हणून मला कटवतोस, म्हणून लिहिते आहे. पोस्टात काम करणाऱ्या बाईनं वर्षाकाठी एखादं पत्र स्वतःही टाकावं.

त्या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबनं तुला लोनवर, म्हणजे काही काळ उसना, मागितलंय ना? जा. मैदान खडबडीत असेल, प्रवास स्लीपर डब्यातून असेल, टीव्हीवर दिसणार नाहीस, आणि ज्या मित्रांना तू क्लबच्या जर्सीतले फोटो पाठवतोस ते दोन-चार महिने विचारणारही नाहीत. तरी जा. हवं तर मधे मंगला एक्सप्रेसनं येऊन दोन दिवस राहून जा. सामान आवरून मात्र येऊ नकोस.

तुझ्याबरोबर गोल्फ क्लबच्या मैदानावर खेळलेला तो स्ट्रायकर मुलगा एकविसाव्या वर्षी चमकला नाही तर लोक त्याला विसरायला लागतात, कारण त्याचं भांडवल पायातला वेग. कीपरचं वय वेगळ्या हिशेबानं चालतं. डिनो झॉफनं १९८२ चा वर्ल्ड कप उचलला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. बुफॉन सतराव्या वर्षी पार्माच्या गोलमध्ये उभा राहिला आणि २०२३ मध्ये, पंचेचाळीस वर्षांचा झाल्यावर थांबला. इजिप्तच्या एल हदरीनं २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये पेनल्टी अडवली, तोही पंचेचाळीसचाच. हे जगावेगळे लोक, मान्य. पण साध्या कीपरचीही चांगली वर्षं सत्ताविसाच्या पुढेच सुरू होतात. बाजूनं गोलसमोर चेंडू, म्हणजे क्रॉस, आला की पुढे यायचं की रेषेवर थांबायचं, बचावपटूला ओरडून कधी सांगायचं, हे मॅचमध्ये शंभरदा फसल्याशिवाय अंगात येत नाही. आणि तुला मॅचच मिळत नाहीयेत. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

अर्जेंटिनाच्या कीपरचं, मार्टिनेझचं उदाहरण तू मला कितीदा ऐकवलंस! वर्ल्ड कप फायनलच्या शेवटच्या मिनिटाला डावा पाय लांब करून फ्रान्सच्या कोलो मुआनीचा गोल अडवला, ती क्लिप तू मला मटार सोलताना दाखवली होतीस. पण ती क्लिप २०२२ ची. हा मुलगा अर्जेंटिनाहून इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला आला २०१० मध्ये. पुढची दहा वर्षं ऑक्सफर्ड, शेफील्ड वेनस्डे, रॉदरहॅम, वुल्व्ह्ज, हेताफे, रेडिंग असा लोनवर फिरला. २०२० मध्ये आर्सेनलचा पहिला कीपर जखमी झाला तेव्हा त्याला खरी संधी मिळाली. अर्जेंटिनाकडून पहिली मॅच खेळला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. तू क्लिप बघितलीस, मी त्याच्या मागची दहा वर्षं बघितली. आयांना तेच दिसतं.

आपल्याकडचा कीपर गुरप्रीत बघ. २०१४ मध्ये ईस्ट बंगाल सोडून नॉर्वेत स्टाबेक क्लबला गेला. इथे राहिला असता तर दर आठवड्याला खेळला असता आणि नावही झालं असतं. तिथे थंडीत बाकावर बसला, आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. तुला तर नॉर्वेलाही जायचं नाहीये.

बाबा म्हणतात, या धंद्यात जागाच किती, टीममागे एक. बरोबर. पण त्यातली एक गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालायचे, आणि केरळच्या गोलमध्ये खुद्द इंग्लंडचा डेव्हिड जेम्स उभा होता. मग सहाचे पाच झाले, २०२१ पासून चार. आता ते चार कुठे लावायचे? क्लब ते गोल करणाऱ्यांवर आणि मधल्या बचावावर खर्च करतात. गोलमध्ये भारतीयच ठेवतात. आपल्या स्ट्रायकर मुलांना परदेशी माणसाशी झगडावं लागतं, तुला विशाल कैथसारख्या भारतीय कीपरांशी. कैथही काही कोलकात्याच्या मैदानावर जन्मलेला नाही, हिमाचलातल्या रोहडूचा आहे. तिथून येता येतं तर नाशिकहूनही येतं.

आता त्या गोलबद्दल. तुला मिळालेल्या त्या एकाच मॅचमध्ये चेंडू हातातून निसटून आत गेला आणि त्यानंतर तुला उतरवलं नाही, हे तू बाबांना सांगितलंस, मला नाही. मी तुझ्या मित्राच्या मोबाइलवर तो बघितला. वाईट गोल होता. ओलं गवत वगैरे काही नाही, तू चेंडूमागे अंग आणलं नव्हतंस. पण त्या एका चेंडूवरून गोवा सोडून यायचं? १९६३ मध्ये सोव्हिएत कीपर याशिनला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला, त्याच्यानंतर एकाही कीपरला तो मिळालेला नाही. या कामात हार-तुरे कमीच. तुला दहाव्या वर्षी हे कळायला हवं होतं आणि मला वाटतं कळलंही होतं, कारण तेव्हा सगळी पोरं सेंटर फॉरवर्डसाठी भांडायची आणि तू चपलांच्या दोन जोड्यांच्या मधे जाऊन मुकाट्यानं उभा राहायचास.

एक संशोधन वाचलं, तुला आवडेल. इस्रायलमधल्या काही अभ्यासकांनी वरच्या दर्जाच्या सामन्यांतल्या २८६ पेनल्टी तपासल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापला. शंभरातल्या जवळजवळ चौऱ्याण्णव वेळा कीपर डावीकडे नाहीतर उजवीकडे झेपावला होता. खरं तर मधे उभा राहिला असता तर अडवण्याची शक्यता जास्त होती. मग झेपावतो का? कारण मधे उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात, हा ढिम्म हललाही नाही. झेप घेऊन खाल्ला तर म्हणतात, बिचाऱ्यानं प्रयत्न तरी केला. तुझं आत्ता घरी येऊन भरतीचा फॉर्म भरणं मला त्यातलंच वाटतं. काहीतरी केलं असं दिसेल, बाबांच्या कंपनीतले लोक "मार्गी लागला" म्हणतील. भरती पुढच्या वर्षीही निघेल. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, त्या कुठे पळून जात नाहीत, आणि संतोष ट्रॉफीला महाराष्ट्राकडून खेळलास तर तुझंच पारडं जड होईल. तिथे निवड व्हायला मात्र आधी कुठेतरी खेळताना दिसायला लागतं.

मी शाळेत खो-खो खेळायचे, तुला माहीतच आहे. चौकोनात बसलेल्या आठ जणींनी आरामात बसायचं नसतं. टाच उचललेली, नजर पळणारीवर. खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल, आणि मिळाल्यावर उशिरा उठलं की ती पोरगी गेलीच. तू सध्या बसला आहेस, पण मांडी घालून. गेल्या वेळी आलास तेव्हा पोट सुटलेलं दिसलं. मी बोलले नाही, कारण समोर पुरणपोळ्या मीच ठेवल्या होत्या.

तिकडे गेलास की डाव्या पायावर काम कर. १९९२ मध्ये बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूनं पायानं मागे दिलेला चेंडू, हातात घ्यायची बंदी आली तेव्हापासून नुसत्या हातांचा कीपर संपला, असं तुझेच कोच देवळालीच्या मैदानावर सांगायचे. तुझ्या डाव्या पायानं मारलेला चेंडू अजूनही थेट टचलाइनबाहेर जातो. आणि आता चेंडू हातात आठ सेकंदांच्या वर ठेवला की समोरच्याला कॉर्नर मिळतो. तुला चेंडू छातीशी धरून सगळीकडे बघत बसायची सवय आहे, ती मोड.

डोक्याचं मात्र मी विनंती म्हणून लिहीत नाही. २००६ मध्ये रेडिंगविरुद्ध चेल्सीचा कीपर पेट्र चेकला मॅचच्या पहिल्याच मिनिटाला गुडघा लागून कवटी फुटली. तीन महिन्यांनी परत आला तो टोपी घालून, आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यानं ती काढली नाही. लिव्हरपूलच्या कीपरचं, कॅरियसचं तर तुला पाठ आहे. २०१८ ची कीव्हची चॅम्पियन्स लीग फायनल, त्याच्या दोन ढोबळ चुका, जगभर टिंगल. काही दिवसांनी बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं की त्याच मॅचमध्ये डोक्याला मार बसून मेंदूला धक्का लागला होता. तो मैदानावर "मी ठीक आहे" असंच म्हणाला असणार, तुम्ही सगळे तेच म्हणता. छोट्या क्लबमध्ये मैदानाशेजारी डॉक्टर असेलच असं नाही. डोक्याला लागलं, गरगरलं, दिवा जास्त प्रखर वाटला, तर खाली बस आणि उठू नकोस. मॅच हरू देत. बदली कीपर कशाला असतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

पैशांचं. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगामच लांबणीवर टाकला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले, तेव्हा हे करार किती कच्च्या दोऱ्यावर असतात ते कळलं. म्हणून लोनच्या कागदावर पगार कोण देणार, जुना क्लब की नवा, आणि कुणी किती, हे स्वच्छ लिहून घे. दुखापतीचा खर्च आणि विमा कुणाकडे, तेही. दोन महिन्यांचा पगार थकला तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूला करार मोडता येतो, असं फिफाच्या नियमात आहे. व्हॉट्सअॅपवर रडून काही होत नाही, नोटीस लेखी लागते. पीपीएफचं खातं मी उघडून दिलंय, त्यात दर महिन्याला थोडं का होईना टाक, गोव्यातल्या पोस्टातूनही भरता येतं. पंधरा वर्षांची मुदत ऐकून तू हसला होतास. तू आत्ता एकवीस, तेव्हा छत्तीस. सगळं नीट चाललं तर हातमोजे उतरवायचं वय साधारण तेच.

पुढे कोचिंगमध्ये यायचं असेल तर गोलकीपिंगच्या कोचसाठी वेगळा परवाना असतो, तो खेळता खेळताच काढायला सुरुवात कर. महाराष्ट्रात कीपरला शिकवणारे अजूनही थोडेच. आपल्या पोरांना फुटबॉलचा जो कोच असतो तोच मॅच संपता संपता दोन चेंडू फेकून कीपरचा सराव उरकतो. तू स्वतः त्यातूनच गेलास.

बाबांशी तू आत्ता बोलू नकोस, मी बोलते. त्यांना भीती पैशांची नाही, तू तिकडे एकटा उदास होशील याची आहे, पण ते भरतीचंच बोलणार. कराराची सगळी पानं, मागची बारीक अक्षरांचीसुद्धा, सही करायच्या आधी फोटो काढून पाठव. आणि मुक्त विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म राहिलाय. विद्यापीठ आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या रस्त्याला, आणि पदवी अडकलेली आपल्याच पोराची! उद्या दुपारी मी ऑनलाइन भरते आहे. ओटीपी तुझ्या नंबरवर येईल. सरावाला जाताना मोबाइल रूमवर टाकून जाऊ नकोस, दहा मिनिटांत तो ओटीपी बाद होतो.

तुझी
आई