जनावर पडलं, पण बेशुद्ध झालं का?

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त पशुवैद्यक. एका कत्तलखान्यात बरीच वर्षं मांस तपासणी केली. तिथे कापण्याआधी जनावराला गुंगी आणायचा विजेचा चिमटा आला तेव्हा कंत्राटदाराने पेढे वाटले होते. कामगार मात्र तो मेंढ्याच्या मानेवर लावायचे, तिथे पकड चांगली बसते म्हणून. मेंढा ताठ व्हायचा, धाडकन पडायचा, आवाज नाही. सगळे खूश. एकदा वाकून बुबुळाला बोट लावलं. पापणी मिटली. नाकपुड्या संथ लयीत हलत होत्या. म्हणजे गुंगी आलीच नव्हती.

वीज मेंदूतून गेली तरच गुंगी येते. त्यासाठी चिमट्याची टोकं डोक्याच्या दोन बाजूंना, डोळा आणि कान यांच्या मधे हवीत. मग मेंदूत फेफऱ्यासारखं वादळ उठतं, शुद्ध जाते, श्वास थांबतो. जनावर आधी ताठतं, मग पाय झाडतं. मानेतून गेलेली वीज नुसते स्नायू आवळते. पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

फ्रान्समधल्या नांत शहरातल्या डॉ. स्तेफान ल्यूदक यांनी १९०२ मध्ये तुटक प्रवाहाने प्राण्यांना 'विजेची झोप' आणली. पुढे स्वतःवरही प्रयोग केला. वाचा बंद झाली, हातपाय हलेनात, पण भान पुरतं गेलं नव्हतं. त्यांना निदान ते नंतर सांगता आलं.

युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमात शेळ्यामेंढ्यांना किमान १ अँपिअर आणि डुकरांना १.३ अँपिअर प्रवाह सांगितला आहे. कोरड्या लोकरीवर चिमटा टेकवला तर तेवढा जातच नाही. लोकर ओली करावी लागते. शिवाय ही गुंगी थोडा वेळच टिकते, म्हणून सुरी १५ सेकंदांच्या आत फिरली पाहिजे. (धर्माची अडचण पुढे केली जाते: सुरी फिरताना जनावर जिवंत हवं. न्यूझीलंडमध्ये हलालसाठीही फक्त डोक्याला वीज देतात. सुरी फिरवली नाही तर जनावर पुन्हा उठतं.)

आपल्याकडच्या तपासणीत मी पाहिलेला रकाना एकच: 'यंत्र आहे / नाही'. त्यात आणखी चार घाला: चिमटा कुठे लावला, किती अँपिअर, सुरीपर्यंत किती सेकंद, बुबुळाला हात लावल्यावर पापणी हलली का. चिमटा धरणाऱ्याला आठवडाभराचं प्रशिक्षण द्या, आणि मीटर त्याला दिसेल असा लावा. आमच्याकडे तो पाठीमागच्या भिंतीवर होता.

तक्त्याचा नमुना सोबत जोडला आहे. एकच पान आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक