गाडीची किंमत पूर्ण छापा आणि डिकीचं मापही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाड्यांवर लेख येतो. गेले आठ महिने मी ती कात्रणं जपून ठेवली, कारण आम्हाला पहिली गाडी घ्यायची होती. गाडी आली. कात्रणं मात्र शिलाई मशीन डुगडुगू नये म्हणून पायाखाली घातली आहेत. राग मानू नका, कारण सांगते.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात ब्लाउज शिवते. आमचे हे बावीस वर्षं बेस्टची बस चालवतात, आणि सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा शोधत फिरायचे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तुमच्या पहिल्या पानावर ‘पाच लाखांच्या आत’ अशी जाहिरात झळकली, आणि आम्ही सहा लाखांची तयारी करून बाहेर पडलो. अडीच लाख साठवलेले, बाकी कर्ज.

शोरूममध्ये कळलं की जाहिरातीतलं वॅगनआरचं मॉडेल सगळ्यात खालचं. मधलं ५ लाख ५२ हजार. त्यावर रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ६०,७२० रुपये. विमा ३१,४००. मग नोंदणी, सीट कव्हर, मॅट, कसलंसं कोटिंग, आणि ‘हँडलिंग’चे ६,५००. कोणी काय हँडल केलं विचारलं, तर तो पोरगा कॉम्प्युटरकडे बघायला लागला. बेरीज पावणेसात लाखांच्या पुढे. ह्यांनी कोटेशनची घडी करून खिशात घातली आणि घर येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. माझं एक गिऱ्हाईक विम्याचं काम करतं. त्या बाईंनी पढवून पाठवलं होतं. शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा लागतो, आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) धरून बाहेर २३,८०० ला काम झालं. हँडलिंगचे पैसे कशाचे ते लिहून द्या म्हटलं, तर ते आपोआप गळाले. सीट कव्हरं मी घरीच शिवली. (पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी असते, एअरबॅग तिथूनच उघडते, म्हणून ती बाजू उघडीच ठेवली. बाजारातली कव्हरं घेणाऱ्यांनी तेवढं बघावं.) शेवटी ६ लाख ४० हजारांत बसलं. वरचे चाळीस भिशीतून आले.

कर्जाच्या टेबलावर ‘फक्त ५,६३१चा हप्ता’ म्हणून सात वर्षं गळ्यात मारत होते. साडेतीन लाखांना नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ७,२६५ येतो. सातचं ऐकलं असतं तर साधारण ३७ हजार जास्त गेले असते. ‘फक्त’ म्हणे!

आता गाडी निवडली कशी ते. माझ्या गळ्यात टेप असतोच. परिवहन मंत्र्यांनी मे २०२५मध्ये पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नोंदणी नाही असं जाहीर केल्यापासून ह्यांना धास्ती होती, म्हणून आधी बिल्डिंगखालची जागा मापली. पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांची रिक्षा यांच्यामध्ये साडेसात फूट. मग सासूबाईंना घेऊन चार शोरूम फिरलो. एका बुटक्या गाडीत त्या बसल्या खऱ्या, पण बाहेर काढायला दोघं लागले. त्यांना इतकी लाज वाटली की पुढच्या शोरूममध्ये उतरायलाच तयार नव्हत्या. वॅगनआरची सीट खाटेच्या उंचीची निघाली. आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. उतरताना त्यांनी माझा हात धरलाच नाही. तिथेच ठरलं. गाडीची रुंदी पाच फूट चार इंच, म्हणजे दार उघडायलाही जागा उरते.

ह्यांचा जीव सीएनजीवर होता. पण ती गाडी नव्वद हजारांनी महाग आणि आमचं फिरणं महिन्याला चारशे किलोमीटर. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले तरी नव्वद हजार वसूल व्हायला साडेसात वर्षं. शिवाय त्या गाडीची डिकी उघडली तर आत टाकीच. गणपतीला संगमेश्वरला जायचं तर दोन मोठ्या बॅगा आणि सासूबाईंची कमोडची घडीची खुर्ची कुठे ठेवायची? टियागोसारख्या गाडीत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाला बसवतात आणि वर जागा उरते, हेही शोरूम फिरताना कळलं. मग पेट्रोलच घेतली. (बस लीलया वळवणाऱ्या माणसाने पहिल्याच आठवड्यात रिव्हर्सला माझी तुळशीची कुंडी फोडली, हे त्यांना न विचारता लिहिते आहे.)

तुमच्या लेखांत शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत ते असतं. एलबीएस रोडवर शंभरचा काटा बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. सनरूफचे फोटो असतात. आमच्यासारख्यांसाठी तीन ओळी वाढवा: मधल्या मॉडेलची मुंबईतली ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विमा-नोंदणी धरून किंमत, सीट जमिनीपासून किती इंच, आणि सीएनजीची टाकी असताना डिकीत काय मावतं. पुढचा लेख कोणत्या गाडीवर आहे तेवढं कळवा, टेप घेऊन मीच येते.

आपली वाचक,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)