सूचना : सशांचा उपद्रव आणि शेजारची पडीक रानं

सर्व सभासदांस नमस्कार.

माळाकडच्या पट्ट्यात हरभऱ्याचे कोंब पुन्हा खाल्ले जात आहेत. आधी खात्री करा. सशाने खाल्लेलं रोप विळ्याने छाटल्यासारखं तिरकं कापलेलं असतं आणि जवळपास गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या असतात. माती उकरलेली दिसली तर ते रानडुकराचं काम, त्याचा बंदोबस्त वेगळा.

आपल्याकडचा ससा बीळ करत नाही, दिवसा गवतात, झुडपात दबून बसतो. म्हणून शेजारचं पडीक रान आणि वाढलेली घाणेरीची झुडपं हीच त्याची घरं. ज्यांची जमीन पडून आहे (मालक बहुतेक मुंबई-पुण्याला!) त्यांना फोन करून, परवानगी घेऊनच बांधालगतचा पट्टा साफ करावा. पेटवू मात्र नका. वाऱ्याने जाळ कुणाच्या कडब्याच्या गंजीपर्यंत जाईल सांगता येत नाही.

खरा उपाय जाळीच. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो ती बारीक जाळी, जमिनीवर अडीच-तीन फूट आणि खाली वीतभर मातीत पुरलेली. नुसती टेकवली तर ससा खालून घुसतो. अख्ख्या रानाला परवडत नसेल तर कोवळ्या पिकाची पडीक रानाकडची बाजू तरी घ्या.

फासे, विषारी आमिष, कुंपणात थेट वीज सोडणं पूर्ण बंद. 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि त्या तारेला पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो.

जाळी एकत्र घ्यायची आहे. रविवारी सकाळी 8 वाजता चावडीपाशी बांधाचं माप घेऊन या.

— सचिव, शेतकरी गट, खटाव तालुका, जि. सातारा