मालमत्ता कराच्या आकारणीबाबत जमीनधारक सभासदांसाठी सूचना

सर्व जमीनधारक सभासदांना कळविण्यात येते की, कराचे देयक भरण्यापूर्वी आकारणीच्या नोंदीची प्रत मागवून त्यातील क्षेत्रफळ, वापराचा प्रकार व बांधकाम हे तपशील मूळ कागदपत्रांशी ताडून पाहावेत; कारण कधीच पाडलेली शेड नोंदीत वर्षानुवर्षे उभीच राहते आणि तिचा कर आपण मुकाट्याने भरत असतो. चूक आढळल्यास मोजणीचा नकाशा व छायाचित्रे जोडून मुदतीतच लेखी हरकत नोंदवावी आणि पोच जपून ठेवावी. हरकत प्रलंबित आहे एवढ्यावरून भरणा थांबवू नये, अन्यथा दंड व व्याज अंगावर येऊ शकते.

शेती वा वनीकरणाखालील जमिनीची आकारणी अनेक ठिकाणी बाजारभावाऐवजी प्रत्यक्ष वापरानुसार होते. ही सवलत सर्वांत मोठी, पण तितकीच अडकवणारी आहे; पुढे वापर बदलल्यास मागील काही वर्षांचा फरक वसूल होऊ शकतो, म्हणून विक्रीचा विचार असलेल्यांनी आधी हिशेब मांडावा. ज्येष्ठ, दिव्यांग व माजी सैनिकांसाठीच्या सवलती बहुधा अर्जाशिवाय मिळत नाहीत.

पडीक तुकडा चराईला किंवा मधपेट्यांसाठी लेखी कराराने दिल्यास कराचा काही भार भाड्यातून निघतो. मात्र त्या भाड्यावर आयकर लागू शकतो.