आधी काळं, मग करडं

कॉलेज पार्क, मेरीलँड
१२ ऑक्टोबर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी निघताना गाडीचं दार धरून तू हळूच म्हणालास, "आई, माझ्याकडे खोली रिकामी असताना तुम्ही इथे राहताय. लोक काय म्हणतील?" मला हसूच आलं. हे वाक्य आमच्या पिढीचं, तू कधी उचललंस? पण रात्री बेल्टवेवरच्या ट्रकांचा आवाज ऐकत पडले आणि वाटलं, याला लिहूनच सांगावं. फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि मीटिंगमध्ये शिरतोस.

इथे कॅम्पग्राउंडात, चाकांवरच्या घरांच्या तळावर, आमचे हाल चाललेत असं समजू नकोस. गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ जण होतो आणि संडास गॅलरीच्या टोकाला. ही आरव्ही, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, २८ फुटी, माणसं दोन, संडास पलंगापासून चार पावलांवर.

त्या संडासापायी झालेली फजिती मात्र तुझ्यापासून लपवली होती. आल्या दिवशी बाबांनी पाइप जोडला आणि ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडाच ठेवला, आपोआप वाहून जाईल म्हणून. पातळ वाहून गेलं, घट्ट तळाशी बसलं. पाचव्या दिवशी वासानेच सगळं कळलं. शेजारच्या ट्रेलरमधली नर्स रात्रपाळी करून आली होती. तिने गणवेशातच उभं राहून समजावलं: व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडा, आणि मग मोरीच्या पाण्याची ग्रे टँक सोडा, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. बाबांनी कागदावर लिहून दाराला चिकटवलंय, "आधी काळं, मग करडं."

ती नर्स तेरा आठवड्यांच्या करारावर आली आहे. असे इथे पुष्कळ. कुणी रस्त्याच्या कामावर, कुणाचं जुनं घर विकलं गेलंय आणि नव्याचा ताबा मिळायचाय. आम्हा महिनेवाल्यांना विजेचं मीटर वेगळं. शुक्रवारी येऊन रविवारी जाणाऱ्यांकडे आम्ही जरा वरूनच बघतो.

विजेची गंमत वेगळीच. आपली गाडी ३० अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट, बस्स. हीटर दीड हजार, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढाच, त्यात गीझर लागला की अंधार. त्यामुळे बाबा आंघोळीला जाताना "गीझर लावलाऽऽ" म्हणून ओरडतात आणि मी इंडक्शनवरचा कुकर उतरवते. फोडणी तर बाहेर छपराखालीच, नाहीतर गॅसचा आणि धुराचा असे दोन भोंगे एका सुरात बोंबलतात. इथला सिलिंडर वीस पौंडी, म्हणजे जेमतेम नऊ किलोचा. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरपुढे खेळणंच. बाबा तो एका हाताने उचलून दाखवतात. मी बघितलं नाही की परत उचलतात.

आता खोलीचं. तू तिसरीत असताना आजी एडिसनला सहा महिने राहायला आल्या होत्या, आठवतं? आम्ही दोघं कामावर, तू शाळेत. त्यांना गाडी येत नव्हती, भाषा येत नव्हती. कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि माझी वाट बघायच्या. एकदा दुपारीच घरी आले तर गॅरेजचं दार वर करून आजी आत खुर्ची टाकून बसलेल्या. नऊवारी, वर तुझ्या बाबांचं जाड जॅकेट. म्हणाल्या, "कुणी जाताना दिसतंय का बघत्ये." आणि मी काय केलं, तर थंडी आत येते म्हणून दार खाली घेतलं.

सूनबाई गुणाची आहे, तिच्याविषयी काही नाही. पण तुमच्या स्वयंपाकघरात मी मीठ कुठे आहे विचारते आणि ती हातातलं काम टाकून धावत येते. मग चहाची तल्लफ आली तरी मी गप्प बसते. इथे पहाटे साडेपाचला दार उघडून पायरीवर चहा घेते. नर्स परतताना हात करते. कॅम्पग्राउंडातूनच बस मिळते, पुढे मेट्रोची ग्रीन लाइन, आणि वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयांना तिकीट नाही. बाबांना तर कॉलेज पार्कचा विमानतळच सापडलाय. १९०९ साली विल्बर राइटने लष्करी अधिकाऱ्यांना तिथे विमान शिकवलं, आणि तो अजून चालू आहे. नातीला दोनदा नेऊन आणली, तिसऱ्यांदा जायचंय म्हणते. आणि तुझं घर वीस मिनिटांवर. ती ताप घेऊन शाळेतून आली तेव्हा मी तुझ्याआधी पोचले होते.

रविवारी या. येताना कढीपत्ता आण, आणि गेटवरच्या ऑफिसात गाडीचा नंबर लिहून ये. नोव्हेंबरात पाण्याचा पाइप गोठायच्या आत आम्ही दक्षिणेकडे निघू. टाक्या रिकाम्या करून शेवटचे दोन दिवस तुझ्याकडे राहू. त्या दोन दिवसांत स्वयंपाक मी करणार नाही, सूनबाईला सांगून ठेव.

तुझी,
आई